झिलई न चढलेली बारूद

बादलीतला निळा रुमाल दोनदा घुसळून झाला होता. तिसऱ्यांदा घुसळायला म्हणून ढोलवालीनं हात घातला आणि तो पाण्यातच थांबला.

पाणी काळं होतं. ते असायचंच. बारुदीच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईच्या डोक्याच्या रुमालातून काय दूध निघणार? पण त्या काळ्या पाण्यावर एक करडी, रुपेरी साय तरंगायला हवी होती, माशाच्या पोटासारखी चमकणारी. तिचा मागमूस नव्हता. तिनं बादली उचलून उजेडात, खिडकीखाली ठेवली. वाकून एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. शाई ओतावी तसं मंद, मेलेलं काळं पाणी.

हा रुमाल परवाचा. परवा तिनं खाणीसाठीच्या बारुदीचा घाणा, एका वेळची खेप, काढला होता.

या बाईची ओळख करून द्यायची तर तिच्या ढोलापासूनच सुरुवात करायला हवी. कारखान्यात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, ती ढोलवाली. लग्न होऊन आली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या होत्या, 'सून दारूच्या कारखान्यात जाते म्हणे!' तिनं सगळ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, "माझी दारू प्यायलात तर बाटलीसकट उडाल." त्या दिवसापासून आळीत तिच्या वाटेला कुणी जात नाही. देवानं तिला जीभ दिली ती धार लावूनच, पण पोटात माया तेवढीच. कुणाच्याही दुखण्याखुपण्याला पहिली हजर तीच. एका जागी बसणं मात्र तिच्या नशिबात नाही. जेवतानाही तीनदा उठेल.

कारखान्यातल्या, ठिणगीच्या धास्तीनं लागलेल्या सवयी ती घरी घेऊन आली आहे. तिच्या अंबाड्यात लोखंडी काटा नसतो. खुर्ची कुणी फरफटवली की ती दचकते. करपलेलं भांडं ती खरवडत नाही, भिजत घालते. घरात पाऊल टाकण्याआधी दाराच्या पितळी कडीला तळवा टेकवते, कारण कारखान्यात शिरताना तांब्याच्या पाटीला हात लावून अंगातली वीज उतरवावी लागते. नवरा शिंपी. त्याची कात्री टेबलावरून पडली तर शेजारच्या खोलीतून हिचा आवाज येतो, "अहो, जीव घ्याल एक दिवस!" तो शांतपणे म्हणतो, "कापडाचा."

बाहेरच्या माणसाला वाटतं, बारूद म्हणजे बारूद. सोरा, गंधक आणि कोळसा, काळी भुकटी, काडी लावली की झालं. ढोलवाली अशा माणसाकडे, देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तशी बघते. एकाच मालाच्या दाबून वड्या करतात, वड्या फोडून दाणे करतात आणि दाणे चाळून वेगळे काढतात. मग ज्याचं काम त्याचा दाणा. सुरुंगाच्या वाती करणारा बारीक दाणा मागतो आणि त्याला झिलई अजिबात नको असते. त्याची बारूद दोऱ्याला चिकटायला हवी, ठिणगी पडताच धरायला हवी. खाणवाल्याचं उलट. त्याला दगडाचा चुरा करायचा नसतो, फरशीचा नि पायऱ्यांचा दगड अख्खा सुटायला हवा असतो. म्हणून त्याचा दाणा जाड, सावकाश जळणारा, दगडाला हळूच खांदा लावून ढकलणारा. आणि खाण म्हटली की ओल आली. त्या ओलीपासून दाणा राखायचा तर त्याला झिलई हवी.

झिलई चढते ती ढोलात. मोठा लाकडी ढोल पाळी भरून गरगर फिरत राहतो, दाणे एकमेकांवर घासून गोल होतात. शेवटच्या टप्प्यात त्यात काळं शिसं टाकायचं, शिसपेन्सिलीत असतं ते. एक लाकडी मापटं भरून. मग त्या दाण्यांवर रुपेरी कांती येते, हातात घेतले तर सळसळत बोटांतून निसटतात. झिलई नसलेला दाणाही ढोलात घासून थोडा तुकतुकीत दिसतो. घाईत बघणारा फसतो. पाणी मात्र फसत नाही. काळं शिसं पाण्यावर तरंगतं.

तिनं हात झटकला, पदराला पुसला.

"कुठं निघालीस?" मशीनवरून मान वर न करता नवऱ्यानं विचारलं. आज कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती.

"बारकीकडे."

"आणि बादली?"

"तुम्हीच पिळा रुमाल. हात काही झिजायचे नाहीत."

"काय झालंय?"

"काही नाही झालेलं. होऊ नये म्हणून निघालेय."

बारकी म्हणजे ढोलावरची तिची जोडीदारीण. नावाची तेवढी बारकी, दारातून आत येताना आडवं व्हावं लागतं अशी. सकाळच्या पाळीत ढोल तिच्याकडे, दुपारी ढोलवालीकडे. बारकी अंगणात केस वाळवत बसली होती.

"परवा खाणीच्या घाण्यात शिसं तू टाकलंस ना?" ढोलवालीनं उभ्या उभ्याच विचारलं.

"मी? मी कशाला टाकू? ते शेवटच्या टप्प्यात टाकतात, आणि शेवट तुझा."

"अगं, पण मी आले तेव्हा मापटं फळीवर उलटं होतं!"

बारकीचे केसातले हात थांबले.

कारखान्याची रीत अशी की, ढोलाजवळ गप्पा मारायच्या नाहीत. एकीनं जायचं, दुसरीनं यायचं, मान हलवायची, बस्स. शिसं टाकून झालं की टाकणारीनं मापटं फळीवर उलटं ठेवायचं. उलटं मापटं म्हणजे 'दिलं'. सुलटं म्हणजे 'द्यायचंय'. घाणा बाहेर काढला की मापटं परत सुलटं. इतकी साधी खूण की, तिच्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारच करत नाही.

"थांब," बारकी म्हणाली. "त्याच्या आधी आपण काय काढलं? वातवाल्याचा बारीक दाणा."

"बिनझिलईचा."

"म्हणजे मापट्याला कुणी हातच लावला नाही. त्याच्या आधीच्या घाण्याला उलटं ठेवलेलं, ते कुणी सुलटं केलंच नसेल, तर तसंच राहिलं. उलटंच्या उलटं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चूक कुणाची म्हणायची? घाणा काढताना मापटं विसरली ती एक, आणि शिशाच्या बरणीत डोकावून न पाहता खुणेवर विसंबली ती दुसरी. पहिली कोण ते आठवेना. दुसरी कोण ते दोघींना ठाऊक होतं.

"मुकादमाला कळलं तर ढोल काढून घेईल माझ्याकडून," ढोलवाली पुटपुटली.

"घेईल खरा. मागच्या खेपेला दाणे ओले निघाले तेव्हाच म्हणाला होता, पुन्हा झालं तर पुड्या बांधायला बसवीन. पण बाई, त्याला सांगितल्याशिवाय कसं चालेल? डबे कुठे गेलेत?"

"अर्धे कोठारात आहेत, संध्याकाळच्या गाडीनं नदीपलीकडच्या खाणीला जाणार. अर्धे काल संध्याकाळीच गेले. आमच्या बाळ्याच्या खाणीवर."

बारकीनं ओले केस तसेच गुंडाळले आणि म्हणाली, "मग इथं उभी का राहिलीस?"

बाळ्या म्हणजे ढोलवालीचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. हिनंच त्याला कडेवर वाढवला, हिच्याच हातचं खाऊन तो मोठा झाला आणि बापाच्या मागे खाणीत सुरुंगवाला झाला. हात देवानं दिलेला. कुठं भोक पाडायचं, किती ठासायचं, दगड कोणत्या रेषेत सुटेल, सगळं त्याला नुसतं बघून कळतं. फक्त धीर नावाची गोष्ट त्याच्याकडे नाही. वात लावून आडोशाला बसला आणि सुरुंग उडाला नाही, की हा पठ्ठ्या उठलाच. जवळ जाऊन वाकतो, भोकाला डोळा लावून बघतो. लहानपणी उंदराच्या बिळाला लावायचा तसा.

तिनं वाटेतच फोन लावला. वाजत राहिला. भावजयीला लावला तर ती म्हणाली, "ते सकाळीच गेले, ताई. फोन फाटकावरच्या पेटीत टाकावा लागतो ना. काही निरोप आहे का?"

"नको, काही नाही." बाळंतपणाला टेकलेल्या बाईला काय सांगणार?

मग मुकादमाचा नंबर काढला. एक घंटी वाजली, आणि तिनं फोन बंद केला. डबे गाडीत चढायला अजून अवकाश आहे, आधी बाळ्या, मग मुकादम, असं तिनं स्वतःला समजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं. अगदी खरंही नव्हतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, उठली, पुढच्या जागेवर गेली, तिथूनही उठून दारापाशी उभी राहिली. मनात देवाचं नाव चालू होतं, पण ओठावर यायच्या आत त्याचं दुसरंच काही होत होतं. खालच्या थरात पाणी झिरपतंय, असं बाळ्या परवाच म्हणाला होता. वरच्या कोरड्या भोकात बिनझिलईचा दाणा उडेल, काही कळणारही नाही. ओल्या भोकात तो ओल पिईल, गोळा होईल. विझणार नाही आणि पेटणारही नाही. आत धुमसत बसेल.

"बाई, उभं राहिल्यानं गाडी लवकर पोचत नाही," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही घंटी मारत बसलात तरी पोचत नाही," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

खाणीच्या फाटकावरचा पहारेकरी तिला ओळखत होता. "तुम्हीच होता का? पेटीतला एक फोन सकाळपासून बोंबलतोय. मला वाटलं, कुणाची तरी बायको रागावलीय."

"बाळ्या कुठाय?"

"खालच्या थरात. लाल निशाण लागलंय, आत्ता जाता येणार नाही. दोन उडाले, एक राहिलाय..." पण ती फाटकातून आत शिरलीही होती.

खाणीच्या कडेनं उतरणारी वाट खडीची. चपलेतून खडी टोचत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला दगडावर पाय घसटल्याचं काही वाटलं नाही. खाली दगड रचून केलेल्या आडोशामागे माणसं उकिडवी बसलेली दिसली. एकटा बाळ्या उभा होता. कमरेला पंचा आवळत, निघण्याच्या तयारीत.

"बाळ्या!"

तो वळला. "ताई? तू इथं काय करतेस? घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे. तू कुठं निघालास?"

"हा तिसरा सुरुंग बसला. वात मेली असणार. बघून येतो."

"नाही जायचं."

"अगं, वाट बघून झाली. सगळे कंटाळलेत. दगड आज सुटला नाही तर मालक आमची सालटी काढील."

"बहिणीनं डबा आणला असेल जेवणाचा," म्हातारा घणवाला म्हणाला. "बस रे बाबा, खाऊन जा." दोघे-तिघे हसले.

"वात मेली नाही," ढोलवाली म्हणाली. "थांब थोडा."

"मेली नाही तर काय झालं?" बाळ्याच्या नाकावर राग चढू लागला. चारचौघांत बहीण थांबवते याचाही असेल. "वातच असणार. दुसरं काही असूच शकत नाही. बारूद तुझ्या हातची आहे. आजवर एकदा तरी अडली का ती? विचार यांना." तो मागे वळला. "का हो, ताईची बारूद कधी अडलीय?"

"कधीच नाही," घणवाला म्हणाला. "ओल्या भोकातसुद्धा नाही. आम्ही दुसऱ्या कुणाची घेतच नाही."

"ऐकलंस? बारूद पेटली असती तर उडाली असती. उडाली नाही, म्हणजे ठिणगी तिच्यापर्यंत पोचलीच नाही. सरळ हिशेब आहे." आणि तो आडोशाच्या टोकाशी गेलाही.

तिच्या ध्यानात आलं. भाऊ धीर नाही म्हणून निघाला नव्हता. तो तिच्या भरवशावर निघाला होता. तिच्या हाताला इतकी वर्षं जे नाव मिळालं होतं, तेच त्याला त्या भोकाकडे ढकलत होतं. 'थांब' म्हणून तो थांबणार नव्हता. रडून थांबला नसता, शपथ घालूनही नाही. त्याला थांबवायला एकच गोष्ट पुरेशी होती, आणि ती सगळ्यांसमोर सांगावी लागणार होती.

"त्या बारुदीला झिलई नाही!" ती ओरडली.

बाळ्या थबकला.

"शिसं टाकलेलंच नाही. मी टाकलं नाही. मापटं उलटं दिसलं, मी समजले की दिलंय, बरणी बघितली नाही. कोरड्यात उडेल ती, ओलीत नाही. आत धुमसत असेल. ती माझ्या हातची आहे, बाळ्या, आणि वाईट आहे."

लांब कुठे तरी पाणी ठिबकत होतं. घणवाल्यानं विडी काढली, मग कुठं बसलोय ते आठवून परत खिशात ठेवली.

बाळ्या परत आला. तिच्याकडे न बघता आडोशामागे बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"सकाळी ओतताना हात काळे झाले," तो थोड्या वेळानं म्हणाला. "एरवी होत नाहीत. मला वाटलं, माझेच हात घामेजलेत." मग आणखी हळू, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"तू एकट्यानं ऐकलं असतंस?"



ते बसले. एकानं तंबाखू मळली, दुसऱ्यानं जांभई दिली. तिसरा म्हणाला, "ताईची बारूद आता ताईसारखीच झाली. तिच्या मनात येईल तेव्हा बोलणार." कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. ढोलवाली ऐकून घेत होती. एरवी तिनं त्याची सात पिढ्यांची धुलाई केली असती. तिला उठून फिरावंसं वाटत होतं, आडोशामागे फिरायला जागा नव्हती. ती बोटं मोडत राहिली. काहीच होत नव्हतं. आणि काहीच झालं नाही तर? वातच मेली असेल तर? दिवसभराचं काम बुडवून, स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं मातीत घालून ती परत जाणार होती, आणि खाणीत हे वर्षानुवर्षं सांगितलं जाणार होतं.

"आता पुरे झालं," एक तरुण गडी उठू लागला. बाळ्यानंच त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

तेवढ्यात आवाज झाला. त्याला स्फोट म्हणता येणार नाही. म्हाताऱ्यानं खाकरून कफ टाकावा तसा काहीतरी. भोकातली ठासलेली माती उडाली आणि तिच्यामागून पिवळी आग जीभ काढावी तशी माणसाच्या उंचीएवढी बाहेर आली, फुस्सकन. मग दाट पांढरा धूर. दगड जागचा हललाही नाही.

एकदम हशा पिकला. "एवढ्यासाठी?" तरुण गडी डोळे पुसत म्हणाला. "माझी आजी चूल फुंकताना याहून मोठा जाळ काढते!"

घणवाला हसत नव्हता. बाळ्याही नाही. तो त्या भोकाकडे बघत होता. त्याचा हात आपोआप तोंडावर गेला, गालावरून, भुवईवरून फिरला आणि उजव्या डोळ्यावर थांबला. तो नेहमी भोकाला लावायचा तो डोळा.

ढोलवालीनं ते पाहिलं. तिनं मनातल्या मनात हात जोडले. या वेळी नाव ओठावर नीट आलं. भावाला जवळ घ्यावं असं वाटलं, पण चारचौघांत त्याला ते आवडलं नसतं. तिनं त्याच्या खांद्यावरची माती झटकली. तेवढंच.

"बाकीचे डबे?" बाळ्यानं विचारलं. आवाज बसलेला होता.

"तुझे तू बाजूला ठेव. एकही उघडू नकोस."

"ते कळलं मला. घाण्यातले बाकीचे?"

"कोठारात. संध्याकाळच्या गाडीनं नदीपलीकडे जाणार."

"तिथली खाण तर आमच्यापेक्षा ओली आहे." तो उठला. "मुकादमाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. "चल, माझ्या गाडीवर सोडतो," तो म्हणाला. "ढोल गेला तर?"

"गेला तर पुड्या बांधीन. तुला काय, बहीण पुड्या बांधते म्हणायची लाज वाटेल का?"

"मला कशाची लाज? पुड्या नीट बांध म्हणजे झालं."

"शहाणा आहेस. गाडी काढ लवकर, आणि खड्ड्यातून नेऊ नकोस."

फाटकाशी पहारेकऱ्यानं पेटी उघडून बाळ्याचा फोन दिला आणि कुणाची बायको रागावली होती ते विचारलं. ढोलवाली मागे बसली, पुन्हा उतरली, पदर आवळला, पुन्हा बसली. आज सुट्टी, म्हणजे मुकादम घरी असणार, दुपारची झोप काढत. त्याला उठवायचं, त्याच्याकडून कोठाराची किल्ली घ्यायची आणि गाडी लागायच्या आत नदीपलीकडच्या खाणीचे डबे बाजूला काढायचे.